रस्त्याकडचे चार खांब

मंगळवारी सकाळी साडेनऊला रुचिराचा फोन आला, तेव्हा दत्ताराम भांडुपच्या भाड्याच्या खोलीत बांगडे साफ करत होता. हात ओले होते म्हणून त्याने करंगळीने फोन स्पीकरवर टाकला.

"काका, साइटवर या. लगेच. काकी पडल्या."

"कुठून पडली?"

रुचिरा म्हणाली, "काका, तुम्ही नुसते या."

त्याने बांगड्यांवर ताट झाकलं आणि रिक्षा पकडली. कांजूरला पोचेपर्यंत त्याच्या डोक्यात एवढंच होतं, की पाय मोडला असेल, प्लास्टर लागेल, आणि पायाला प्लास्टर असलं तरी ही बाई घरात बसायची नाही. साइटच्या गेटवर पुतळाबाई उभी होती. मासे विकणारी कोळीण. जुन्या देवकी चाळीत तिची आणि त्यांची खोली भिंतीला भिंत लागून. तीस वर्षांत तिला गप्प उभी कोणी पाहिली नव्हती.

"हास्पिटलला नेलंय तिला," ती म्हणाली. "तू घाई करू नको आता."

घाई करू नको म्हणाली, तेव्हा त्याला कळलं.

हॉस्पिटलात चादर बाजूला केली. दत्ताराम बत्तीस वर्षं मुलुंडच्या एका कारखान्यात फिटर होता. घण कुठे बसला की काय होतं, हे त्याला कोणी सांगायला नको होतं. त्याच्या बायकोच्या, अनुपमाच्या, उजव्या कानाच्या वर कवटी आत गेली होती, पेल्याच्या तोंडाएवढा गोल खड्डा. डाव्या हाताची चार बोटं चपटी झाली होती आणि हिरवी बांगडी फुटून मनगटात घुसली होती. माणूस पडला तर मान मोडते, कंबर मोडते. पडून बोटं चपटी होत नाहीत.

हवालदार बाकावर बसून लिहीत होता. सेंट्रिंगच्या फळ्यांवरून पाय घसरून मृत्यू.

"साहेब, हे घणाने झालंय."

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"फिटर आहे."

"मग बसा तिकडे. रिपोर्ट येऊ दे."

*

देवकी चाळ पाडून तिथे इमारत उभी करायचं काम बायकांनी हातात घेतलं, त्याला दोन वर्षं झाली होती. त्याआधी दोन बिल्डर येऊन गेले. एकाने नारळ फोडला, फोटो काढले आणि गायब झाला. दुसऱ्याने सह्या घेतल्या आणि प्रत्येक घरातली एक खोली नकाशातून कमी केली. तेव्हा अनुपमा चाळीच्या मीटिंगमध्ये उभी राहिली आणि म्हणाली, बिल्डर नको, आपली इमारत आपणच बांधू. कमिटीत सात जणी आल्या, पुरुष एकही नाही. पुरुषांना कामावरून सुट्टी मिळत नव्हती आणि हिंमतही नव्हती. बांधायला एक कंत्राटदार नेमला, देखरेख बायकांची.

"पापड लाटायच्या, आता स्लॅब लाटणार!" पहिल्या माळ्यावरचा कुंडलिक म्हणाला होता.

"लाटू की," अनुपमा म्हणाली. "तुम्ही नुसते खायला या."

ती बारावी नापास बाई नकाशा वाचायला शिकली. खांबातल्या सळ्या बोटाने मोजायची. काँक्रीटचा ट्रक आला की रुचिराला घेऊन पुढे उभी राहायची. रुचिरा चाळीतलीच मुलगी, इंजिनीयर झालेली, पवईला नोकरीला. माल पातळ असला तर ट्रक गेटवरून परत. आणि बायकांनी एक नियम केला होता, तो कुठल्या मोठ्या बिल्डरकडेही कोणी पाळत नसेल. प्रत्येक ट्रकमधला माल त्या स्वतःच्या हाताने लोखंडी साच्यांत भरायच्या. वितीएवढे चौकोनी ठोकळे. त्यांना क्यूब म्हणतात. ओल्या मालावर खिळ्याने तारीख आणि खांबाचा नंबर कोरायचा आणि ते क्यूब चाळीच्या जुन्या पाण्याच्या टाकीत कुलपात ठेवायचे. किल्ली अनुपमाच्या मंगळसूत्रात. अठ्ठावीस दिवसांनी ते लॅबमध्ये दाबून फोडायचे. खांबात काय भरलंय ते क्यूब सांगतो. कंत्राटदाराने दिलेला क्यूब खोटा असू शकतो, म्हणून क्यूब आपला पाहिजे.

सात दिवसांनी काही क्यूब फोडून पाहिले, तेव्हा रस्त्याकडच्या चार खांबांचा माल कच्चा निघाला. त्या दिवशी ट्रक उन्हात तीन तास अडकला होता आणि माल घट्ट झाला म्हणून कोणीतरी त्यात पाइप सोडून पाणी घातलं होतं. अनुपमाने कंत्राटदाराला तोंडावर सांगितलं, "अठ्ठावीस दिवसांचा रिपोर्ट येईपर्यंत वर स्लॅब पडणार नाही. नापास झाले तर चारही खांब पाडायचे. वर पाच माळे येणार आहेत, माणसं झोपणार आहेत."

खांब पाडले तर बोभाटा होणार होता. या कंत्राटदाराची आणखी तीन ठिकाणी कामं चालू होती, आणि तिथलेही लोक आपापले खांब ठोकून बघायला लागले असते.

कंत्राटदाराचा सुपरवायझर नितेश. देवगडकडचा, दत्तारामच्या वाडीतला. हा त्याच कंत्राटदाराकडे आधीपासून होता, आणि तो या साइटवर असावा असा शब्द दत्तारामनेच टाकला होता. "आपल्या वाडीतला पोर आहे. आपलं वाईट करायचा नाही."

"तुमच्या वाडीत कोणी वाईट जन्मतच नाही का हो?" अनुपमाने विचारलं होतं. पण तिने ऐकलं.

सत्ताविसाव्या दिवशी, सोमवारी संध्याकाळी, नितेशचा दत्तारामला फोन आला. "काका, काकी उद्या क्यूब न्हेतली मां? खयच्या टायमाक? मी टेम्पो सांगून ठेवतंय."

दत्तारामला बरं वाटलं. पोर काळजी घेतो. "आठाक येतली," तो म्हणाला. "एकटीच असा. पुतळाबाय सकाळी मासळी आणूक भाऊच्या धक्क्यार जाता, आणि रुचिरा थयच लॅबकडे उभी ऱ्हवतली."

एवढं सगळं त्याने सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं तेही.

मंगळवारी रुचिरा पवईला लॅबच्या दारात उभी राहिली. टेम्पो आला नाही, फोन उचलला जाईना, म्हणून ती साइटवर आली. अनुपमा तिला टाकीच्या बाहेर, स्लॅबसाठी लावलेल्या सेंट्रिंगच्या फळ्यांखाली सापडली. टाकीचं कुलूप उघडं होतं. आतल्या सगळ्या क्यूबचा चुरा झाला होता आणि पाणी लाल होतं. पोलीस येईपर्यंत कोणीतरी ते पाणी सोडून दिलं.

*

शुक्रवारी कंत्राटदाराने गेटवर कागद लावला. रविवारी सकाळी स्लॅब. चाळीतली निम्मी माणसं खूश झाली. दोन वर्षं भाड्याच्या खोल्यांतून फिरून ती कंटाळली होती. कुंडलिक म्हणाला, "बाई गेली, वाईट झालं. पण क्यूबच नाहीत तर रिपोर्ट कशाचा? स्लॅब पडू दे यार आता."

कमिटीच्या सहा जणी पुतळाबाईच्या भाड्याच्या खोलीत जमल्या. दत्ताराम दारात उभा राहिला. चार दिवस त्याने जे कोणाला सांगितलं नव्हतं ते तिथे सांगितलं. नितेशचा फोन, आठची वेळ, एकटी असणार.

पुतळाबाई उठली आणि त्याच्या कानाखाली वाजवली. मासे कापून घट्टे पडलेला हात. त्याचा ओठ फुटला. तो हलला नाही, म्हणून तिने आणखी एक दिली.

"वाडीवाला!" ती म्हणाली. "वाडीवाला म्हणून बायको देऊन आयलास त्याला!"

"पुतळामावशी, बस कर," रुचिरा म्हणाली. तीही रडत होती. मग तिने डोळे पुसले आणि सरळ कामाचं बोलली. "स्लॅब पडला की ते खांब झाकले जातील. वर माळे चढत जातील आणि मग ते कोणीच पाडणार नाही. रविवारी स्लॅब पडायच्या आधी पाडायला पाहिजेत."

"मग हाच पाडेल," पुतळाबाई म्हणाली. "फिटर ना तू? रविवारी घण घेऊन ये."

तो हो म्हणाला. तिथून तो चौकीत गेला आणि नितेशचं नाव सांगून आला.

*

शनिवारी गावकीचा निरोप आला. भांडुपलाच वाडीची एक खोली आहे. गावाहून नोकरीला येणारे पोरगे पूर्वी तिथे एकावर एक झोपायचे. आता तिथे मंडळाच्या बैठका होतात. दत्ताराम गेला, तेव्हा अकरा जण चटईवर बसले होते. मध्ये पाटावर शेंडीचा नारळ, तांदूळ, कुंकू. भिंतीला टेकून बारावा नितेश. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा.

वाडीचे मानकरी लवूतात्या बोलले. "दत्ताराम, बस. च्या घे. झाला ता वायट झाला. पण तू पोलिसात नितेशचा नाव घेतलंस म्हणतत. पोरगो आपलो असा. बायको त्याची सातव्या महिन्यात. वाडीची अब्रू खय ऱ्हवतली?"

"माका काय करूक सांगतास?"

"देवीच्या नारळार हात ठेव. म्हण, माझो कोणार संशय नाय. आणि ता खांबांचा सोड. मगे आम्ही सगळे तुझ्या वांगडा."

"आणि नाय ठेवलंय तर?"

लवूतात्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "तर धाव्या-बाराव्याक वाडीचा कोण तुझ्या दारात येवचा नाय. बायकोचा कार्य तुझा तू कर."

खोलीत कोणी वर बघितलं नाही. यातल्या चौघांच्या मुलांच्या लग्नात अनुपमाने पंक्ती वाढल्या होत्या.

दत्ताराम म्हणाला, "ठेवतंय हात. पण आधी नितेशान ठेवूचो. माझो संशय नसूक व्हयो, तर काय झाला ता त्येना देवीसमोर सांगांदे."

लवूतात्यांना नाही म्हणता येईना. एकाने नारळावर हात ठेवायचा तर समोरच्यानेही ठेवायचा, ही रीत त्यांच्या बापाच्या वेळेपासूनची. पोलिसांना वाडीतली माणसं खोटं सांगतात, कोर्टात सांगतात. त्या नारळावर खोटं सांगणारा त्यांनी पाहिला नव्हता. ज्यांना खोटं बोलायचं असायचं ते दारातूनच परत फिरायचे. नितेशने एकदा दाराकडे बघितलं. दाराशी तिघे बसले होते.

त्याने हात ठेवला. खालचे थोडे तांदूळ पाटावरून सांडले.

"मी मारूक नाय गेलंय," तो म्हणाला. "क्यूब फोडूक गेलंय. कंत्राटदार शेठ म्हणालो, क्यूब फोड, बाकी मी बघतंय. काकी आधीच इली. टाकीत उतारली. क्यूबार हात ठेवून उभी ऱ्हवली. मी म्हटलंय, काकी, हात काढ. ती म्हणाली, नाय काढणार, मार. तुझ्या काकान तुका माझ्या साइटवर आणलो, मार आता."

"मगे?"

"मगे मारलंय. माका वाटला ती काढतली हात."

"खयचो हात?"

"डावो."

"मगे?"

"ती वराडली, काका. बाहेर बिगारी येऊक लागले होते. म्हणान..."

"म्हणान काय?"

नितेशने डोळे मिटले. "म्हणान दुसरो घाव डोक्यार घातलंय."

दत्तारामने त्याच्या हाताखालून नारळ उचलला आणि त्याच्या तोंडावर मारला. नितेशचं नाक मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. दुसऱ्या घावाला समोरचे दात गेले. नितेश आडवा पडला तसा दत्ताराम त्याच्या छातीवर बसला आणि मारत राहिला, एकाच जागी, लोखंडावर काम करताना मारतात तसा. शेवटी नारळ फुटला आणि पाणी नितेशच्या रक्तात मिसळून चटईवर पसरलं.

"देवीचो नारळ!" लवूतात्या ओरडले. "अरे, देवीचो नारळ फोडलान!"

पाच जणांनी मिळून त्याला ओढून काढला. कोणीतरी त्याच्या बरगडीत लाथ घातली. करवंटीचा तुकडा त्याच्या तळहातात घुसला होता. तो धापा टाकत उभा राहिला आणि एकेकाकडे बघत म्हणाला, "ऐकलास मां सगळ्यांनी? पोलिसात चला माझ्या वांगडा."

कोणी उठलं नाही. लवूतात्या करवंट्या गोळा करत होते. "खोलीतला खोलीत ऱ्हवात," ते म्हणाले. "तू जा आता. तू वाडीचो नाय."

*

रविवारी सकाळी सात वाजता दत्ताराम घण आणि छिन्नी घेऊन साइटवर पोचला. हाताला पट्टी, बरगडी दुखत होती. सहाही जणी आल्या होत्या. काँक्रीटचा पंप लागला होता, बाहेर दोन ट्रक उभे होते. चाळीतले लोकही आले होते. कोणी पेढे आणले होते, कोणी पोरांना चांगले कपडे घालून आणलं होतं. कंत्राटदाराची आठ-दहा माणसं सळ्या घेऊन खांबांजवळ उभी होती.

"म्हातारे, बाजूला हो," त्यातला एक पुतळाबाईला म्हणाला. "मच्छी विकायची वेळ आहे तुझी."

"आज हिथंच इकतंय," ती म्हणाली. "तुझं डोकं लाव टोपलीत."

बायकांनी खांबांभोवती कडं केलं. दत्ताराम आधी आतल्या बाजूच्या एका खांबाकडे गेला, जो पास झाला होता. सगळ्यांना दिसेल असा उभा राहून त्याने घण उचलला. उचलताना त्याचे हात क्षणभर थांबले. अनुपमाला याच वजनाने मारलं होतं. मग त्याने पूर्ण जोराने मारला. घण टणकन उलटून आला, खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या. खांबावर नुसता पांढरा डाग.

"हा चांगला," तो म्हणाला. "आता हा बघा."

तो रस्त्याकडच्या पहिल्या खांबापाशी गेला. तेवढ्यात एक सळई त्याच्या पाठीत बसली. तो गुडघ्यावर आला. दुसरी सळई रुचिराच्या दंडावर पडली, ती किंचाळली आणि तरी खांबाला पाठ लावून उभी राहिली. पुतळाबाईने कमरेची कोयती काढली आणि मारणाऱ्याच्या हातावर ओढली, मनगटापासून कोपरापर्यंत. तो माणूस आपल्या हाताकडे बघत खाली बसला. रक्त पंपाच्या पाइपवर उडालं. बाकीचे दोन पावलं मागे सरले.

"अजून कोणाचं खवलं काढू?" पुतळाबाईने विचारलं.

दत्ताराम उठला आणि त्याने घण घातला. घण आत गेला. काँक्रीट रव्याच्या लाडवासारखं सुटून खाली आलं. त्याने पुन्हा घातला. दहा-बारा घावांत सळ्या उघड्या पडल्या. त्यांच्यामागे मूठ जाईल एवढ्या पोकळ्या होत्या. रुचिराने उजव्या हाताने त्यातलं एक ढेकूळ काढलं, कुंडलिकसमोर धरलं आणि बोटांनी चुरलं.

"यावर तुमचं घर येणार होतं," ती म्हणाली. "सगळ्यात खालचं."

कुंडलिकच्या हातात पेढ्यांचा बॉक्स होता. त्याने तो बायकोकडे दिला, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि सळ्या घेतलेल्या माणसांमधून वाट काढत दत्तारामपाशी आला. "आणा इकडे. तुमची पाठ फुटली आहे." मग आणखी चार जण आले. हाणामारी झाली. एकाचं डोकं फुटलं, कमिटीतल्या श्रुतिकाचा हात मोडला, दोन पोरं चेंगरता चेंगरता वाचली. पण घण थांबला नाही. पहिला खांब छातीपर्यंत उतरला, दुसरा कमरेपर्यंत, तिसरा तुकड्यांनी आडवा झाला. चौथ्यावर पहिला घाव बसला आणि पोलिसांची गाडी आत आली.

घण जप्त केला, कोयती जप्त केली. दत्ताराम आणि पुतळाबाईला गाडीत घातलं. नितेशने रात्रीच हॉस्पिटलातून तक्रार दिली होती, त्यामुळे दत्तारामवर दोन गुन्हे लागले. चौकीत त्याने आपला जबाब लिहून दिला. त्यात पहिलं वाक्य घातलं, ती एकटी येणार आहे आणि किती वाजता येणार आहे, हे मीच नितेशला सांगितलं. मग नारळावर नितेश काय बोलला ते शब्दाला शब्द लिहिलं. साहेबाने वाचलं आणि विचारलं, "हे ऐकणारे साक्षीदार कोण?"

दत्तारामने अकरा नावं सांगितली, पत्त्यांसकट.

*

अनुपमाचं बारावं तो जामिनावर सुटल्यावर झालं, एकोणिसाव्या दिवशी. वाडीचं कोणी आलं नाही. भटजीही दुसरा बघावा लागला. पान कमिटीच्या बायकांनी वाढलं, आणि बांगड्याचं तिखलं पुतळाबाईने केलं, कारण अनुपमाला ते आवडायचं आणि बाराव्याला ते चालत नाही हे तिला कोणी सांगायला गेलं नाही.

आता चार महिने झाले. कंत्राटदाराला काढून टाकलं. तीन खांब नव्याने भरले, बायकांनी समोर उभं राहून. त्यांचे क्यूब पास झाले. डॉक्टरांच्या रिपोर्टात जड वस्तूचा घाव असं आलं आहे, पण नितेश म्हणतो ती पडताना पाइपवर आपटली. तो घरी आहे. त्याला मुलगी झाली.

पोलीस त्या अकरा जणांकडे दोनदा जाऊन आले. त्या दिवशी आपण खोलीत नव्हतो, असं सगळे म्हणतात. दत्ताराम दर रविवारी जातो आणि एकेकाचं दार वाजवतो. लवूतात्या दार उघडत नाहीत. बाकीचे चहा विचारतात.

जुन्या कंत्राटदाराने कोर्टातून मनाई आणली आहे, म्हणून चौथ्या खांबाला हात लावता येत नाही. तो कच्चा आहे आणि उभा आहे. त्याच्यामुळे स्लॅब पडलेला नाही आणि बेचाळीस घरं अजून भाड्याने राहतात. अनुपमाच्या खुनाचा गुन्हा अजून नोंदवलेला नाही. अकरा जणांपैकी एकानेही जबाब दिलेला नाही.